अरोरा 2012: अँब्युलन्स पोचेना तेव्हा पोलिसांनी जखमी स्वतःच्या गाडीत घातले

अ‍ॅक्टिव्ह शूटरची, म्हणजे गर्दीच्या जागी दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडत सुटलेल्या माणसाची, बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, पोलीस किती वेळात पोचले. प्रश्न बरोबरच आहे, पण अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या अरोरा शहरात 20 जुलै 2012 ला जे झालं ते नीट वाचलं तर लक्षात येतं की पोलीस दीड मिनिटात पोचले, गोळीबार करणारा सात-एक मिनिटांत बेड्यांत होता, आणि तरीही खरी कसोटी तिथून पुढे सुरू झाली. कारण थिएटरमध्ये आणि थिएटरच्या मागे डझनावारी माणसं रक्ताच्या थारोळ्यात पडलेली होती आणि त्यांच्यापर्यंत अँब्युलन्स येत नव्हती. मी या प्रकरणाकडे मुख्यतः त्या पुढच्या वेळासाठी बघतो. त्या वेळात एका पोलीस सार्जंटने रेडिओवर जी परवानगी मागितली त्यामुळे माणसं वाचली असं माझं ठाम मत आहे, आणि अशी परवानगी ऐनवेळी मागावी लागली हीच त्या रात्रीची सगळ्यात मोठी त्रुटी होती असंही मला वाटतं.

आधी घटना थोडक्यात. सेंच्युरी 16 नावाचं मल्टिप्लेक्स, ऑडिटोरियम नंबर 9, एका गाजत असलेल्या सिनेमाचा मध्यरात्रीचा पहिला शो, हॉल भरलेला. रात्री साधारण 12 वाजून 38 मिनिटांनी एक माणूस पडद्याजवळच्या इमर्जन्सी दारातून आत शिरला, अश्रुधुराचे डबे फेकले आणि गोळ्या झाडायला लागला. शॉटगन, मग रायफल, मग पिस्तूल. रायफल मध्येच अडकली, नाहीतर आकडा आणखी वाढला असता. काही गोळ्या भिंत भेदून शेजारच्या ऑडिटोरियम 8 मध्येही गेल्या आणि तिथले लोक जखमी झाले. एकूण 12 जण गेले, 70 जखमी झाले, त्यातले 58 गोळ्यांनी. हल्लेखोराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये, याच घटनेत मुलगा गमावलेल्या आईवडिलांनी नंतर माध्यमांना हेच सांगणारी मोहीम चालवली की अशा माणसांना प्रसिद्धी देऊ नका, आणि ते मला पटतं.

पोलिसांचा पहिला भाग खरंच चांगला झाला, तो आधी सांगतो. पहिला फोन आल्यापासून दीड मिनिटाच्या आत पहिली गाडी पोचली, त्या रात्री त्या भागात बऱ्याच गाड्या होत्या आणि जो जिथे होता तिथून सुटला. थिएटरच्या मागे एका अधिकाऱ्याला एक माणूस गाडीजवळ उभा दिसला, अंगावर हेल्मेट, गॅस मास्क, पूर्ण बुलेटप्रूफ सामान, म्हणजे दिसायला अगदी स्वॅट टीमचा, पोलिसांच्या खास सशस्त्र तुकडीतला. त्या अधिकाऱ्याने पुढे कोर्टात सांगितलं की आधी मला तो आपलाच पोलीस वाटला, पण सगळे पोलीस धावत होते आणि हा नुसता शांत उभा होता, त्यावरून शंका आली. एवढ्या गोंधळात कपड्यांपेक्षा माणसाच्या हालचालीकडे लक्ष जाणं हे कौतुकाचं आहे. त्याने बंदूक रोखली, समोरच्याने प्रतिकार केला नाही. लगेच दुसरी चिंता, कारण त्याच्या फ्लॅटमध्ये स्फोटकं लावून ठेवलेली निघाली, आजूबाजूच्या इमारती रिकाम्या कराव्या लागल्या आणि ते निकामी करायला दुसरा दिवस उजाडला. शिवाय थिएटरमध्ये दुसरा कुणी शूटर आहे का हे बराच वेळ कुणालाच नक्की माहीत नव्हतं, साक्षीदारांपैकी काहीजण दोघं होते म्हणत होते, असं प्रत्येक वेळी होतं.

आता हे दीड मिनिट कुठून आलं ते समजायला 13 वर्षं मागे जावं लागतं. कोलंबाइन हायस्कूल अरोरापासून 30-एक किलोमीटरवर, त्याच डेन्व्हर परिसरात. 20 एप्रिल 1999 ला तिथे दोन विद्यार्थ्यांनी 12 विद्यार्थी आणि एका शिक्षकाला मारलं. तेव्हाची पद्धत अशी होती की पहिल्या पोलिसांनी बाहेर घेराव घालायचा, आत जायचं काम स्वॅटचं, आणि स्वॅट जमेपर्यंत थांबायचं. त्या शिक्षकाला गोळी लागली होती आणि ते एका वर्गात तीन तासांहून जास्त वेळ रक्त जाऊन जाऊन गेले. मुलांनी खिडकीत बाहेरून दिसेल असा फलक लावला होता, एक माणूस रक्त जाऊन मरतोय म्हणून. त्यानंतर अमेरिकेत पोलीस प्रशिक्षण मुळापासून बदललं. पहिला पोचेल त्याने, दोघं-तिघं असतील तर दोघं-तिघांनी, गरज पडली तर एकट्यानेही, सरळ गोळीच्या आवाजाकडे जायचं, वाटेत जखमी दिसले तरी आधी शूटर थांबवायचा. टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीत 2002 पासून याच विषयाचं प्रशिक्षण केंद्र चालू आहे. अरोराचे पोलीस त्या बदललेल्या पिढीतले होते.

पण कोलंबाइनचा धडा अर्धाच शिकला गेला होता असं मला वाटतं. तिथे पोलीस उशिरा आत गेले हे सगळ्यांना दिसलं आणि ते दुरुस्त झालं. तो शिक्षक गोळीने लगेच गेला नव्हता, उपचार न पोचल्यामुळे गेला होता, या दुसऱ्या अर्ध्याकडे अँब्युलन्सवाल्यांच्या नियमात पुढची बरीच वर्षं फारसं कुणी बघितलं नाही. त्यांचा नियम तोच राहिला, जागा पूर्ण सुरक्षित झाल्याचा निरोप येईपर्यंत लांब थांबायचं. पोलीस धावत आत आणि मेडिक दोन चौक मागे.

आणि आकडे बघितले तर हे किती महागात पडतं ते कळतं. एफबीआयने 2000 ते 2013 मधल्या 160 घटनांचा अभ्यास केला, त्यात जिथे कालावधी नक्की कळला अशा 63 घटनांपैकी 44 घटना 5 मिनिटांत किंवा त्याआधीच संपलेल्या होत्या आणि त्यातल्या 23 तर 2 मिनिटांत. म्हणजे बहुतेक वेळा पोलीस येईपर्यंत गोळीबाराचा निकाल लागलेला असतो, किंवा लागत आलेला असतो. मांडीची मोठी रक्तवाहिनी फाटली तर माणूस काही मिनिटांत जातो. मग आलेल्या पोलिसापुढे खरं काम काय उरतं, तर रक्त.

परत ऑडिटोरियम 9. पोलीस आत गेले तेव्हा सिनेमा चालूच होता, मोठ्या आवाजात, फायर अलार्म वाजत होता, दिवे लुकलुकत होते, हवेत अश्रुधूर असल्याने मास्कशिवाय टिकणं कठीण, आणि खुर्च्यांच्या रांगांमध्ये पडलेल्या लोकांचे मोबाइल वाजत होते, घरचे फोन करत होते. हे सगळं पोलिसांनी नंतर कोर्टात साक्षीत सांगितलेलं आहे. काही पोलीस जखमींना उचलून मागच्या दाराने बाहेर आणत होते, प्रेक्षकही एकमेकांना ओढून बाहेर काढत होते, आणि बाहेर आणल्यावर प्रश्न असा की पुढे काय. रेडिओवर पोलीस पुन्हा पुन्हा मेडिकल मदत मागत होते, आत पाठवा, मागे पाठवा, किती जण आहेत, काय लागलंय, आणि मदत दिसत नव्हती.

ती का दिसत नव्हती हे नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर आपण उगाच अँब्युलन्सच्या लोकांना भित्रे ठरवून मोकळे होऊ, आणि ते खोटं आहे. अग्निशमन दल आणि अँब्युलन्स लवकरच आल्या होत्या. पण सोळा पडद्यांच्या मल्टिप्लेक्समधून एकदम हजारावर माणसं पार्किंगमध्ये आलेली, प्रेक्षकांच्या गाड्या, वाटेत जशा थांबल्या तशा सोडलेल्या पोलीस गाड्या, आणि त्यातून चालत येणारे रक्ताने माखलेले लोक. पुढच्या बाजूने आलेल्या मेडिक पथकांना हेच चालते जखमी आधी भेटले, तिथेच काम सुरू झालं, आणि सगळ्यात वाईट अवस्थेतले लोक होते इमारतीच्या मागे, ऑडिटोरियम 9 च्या दाराबाहेर. तिथे इतके गंभीर लोक पडलेत हे पुढच्या पथकांना कळलंच नाही, किंवा कळलं तेव्हा गाडी मागे नेता येईना. पोलिसांचा रेडिओ वेगळा, अग्निशमनचा वेगळा, एकाचं म्हणणं दुसऱ्याला डिस्पॅचमार्फत, म्हणजे फोन घेऊन गाड्या पाठवणाऱ्या नियंत्रण कक्षामार्फत जाणार, आणि डिस्पॅचवर त्या वेळी फोनचा पूर आलेला. पोलीस आणि अग्निशमन दलाचे प्रमुख एका जागी उभे राहून एकत्र निर्णय घेतील अशी एकत्रित कमांड पहिल्या महत्त्वाच्या वेळात उभीच राहिली नाही. शहराने बाहेरच्या तज्ज्ञांकडून जो अहवाल करून घेतला, तो 2014 मध्ये आला, त्यातही मुख्य टीका हीच होती.

अशा अवस्थेत मागच्या बाजूच्या एका सार्जंटने रेडिओवर विचारलं की माझ्याकडे बरेच गोळी लागलेले लोक आहेत, रेस्क्यू (अँब्युलन्स) नाहीये, मी यांना आमच्या गाड्यांतून नेऊ का. वरून होकार आला, भरा आणि निघा. बस, एवढंच. मग पेट्रोल कारच्या मागच्या सीटवर दोन-दोन, काही ठिकाणी त्याहून जास्त जखमी, आणि सायरन लावून हॉस्पिटल. एका अधिकाऱ्याने चार फेऱ्या मारल्या, सहा जणांना नेलं, आणि कोर्टात त्याने सांगितलं की गाडी वळली की मागे साचलेलं रक्त हिंदकळताना ऐकू येत होतं. हे वाक्य मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा एकच विचार येतो की पोलीस गाडीच्या मागची सीट ही आरोपीला न्यायची जागा, तिथे ना ऑक्सिजन, ना स्ट्रेचर, ना रक्त थांबवायचं सामान, आणि त्या माणसाने तरी चार वेळा तोच रस्ता कापला.

हिशोब असा लागला की हॉस्पिटलात आणलेल्या 60 जणांपैकी 27 पोलीस गाड्यांतून आले, 20 अँब्युलन्समधून आणि बाकीचे खाजगी गाड्यांतून. मृतांपैकी 10 जण जागीच गेले होते आणि दोघांचा मृत्यू हॉस्पिटलमध्ये जाहीर झाला. म्हणजे जिवंत अवस्थेत बाहेर निघालेले जवळपास सगळे वाचले. मी यावरून असं म्हणणार नाही की 27 च्या 27 जण पोलीस गाडीमुळेच वाचले, तसं सिद्ध करता येत नाही, कुणाच्या जखमा किती खोल होत्या हे प्रत्येकाचं वेगळं. पण त्यातले काही नक्की होते ज्यांच्याकडे अँब्युलन्सची वाट बघायला वेळ नव्हता, आणि त्या अहवालानेही या निर्णयाने जीव वाचल्याचं म्हटलं.

आता आक्षेप. पॅरामेडिक मंडळींचा पहिला आक्षेप असतो की विनाउपचार नेणं धोक्याचं, मणक्याला इजा असेल तर, श्वासनलिका बंद झाली तर, वाटेत काय करणार. रास्त आहे. पण गोळीच्या जखमेत, विशेषतः छाती-पोटाच्या, जागेवर करण्यासारखं थोडं असतं आणि ऑपरेशन थिएटरमध्ये करण्यासारखं खूप. फिलाडेल्फिया शहरात तर 1980 च्या दशकापासून पोलीस गोळी आणि चाकूच्या जखमींना सर्रास स्वतःच्या गाडीत घालून नेतात, तिथे हा अपवाद नाही, धोरण आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2003 ते 2007 मधल्या चार हजारांवर जखमींची नोंद तपासून 2014 मध्ये छापलं की जखमांची तीव्रता लक्षात घेतली तर पोलीस गाडीने आलेले आणि अँब्युलन्सने आलेले यांच्या वाचण्यात एकूण फरक दिसत नाही, जास्त गंभीर लोकांत तर पोलीस गाडीवाल्यांचं थोडं बरंच होतं.

दुसरा अभ्यास यापेक्षा जास्त डोळे उघडणारा आहे. वॉशिंग्टनमधल्या डॉक्टरांनी 12 सामूहिक गोळीबारांतल्या 139 मृतांचे शवविच्छेदन अहवाल तपासले, 2016 मध्ये छापलं. त्यात हातापायाच्या रक्तस्रावाने गेलेला एकही माणूस सापडला नाही. प्राणघातक जखमा बहुतेक डोक्याच्या आणि छातीच्या, आणि वेळेत योग्य उपचार मिळाले असते तर वाचू शकले असते असे साधारण 7 टक्के, त्यात मुख्य छातीच्या जखमा. युद्धभूमीवरून टूर्निकेचा, म्हणजे हातपाय आवळून रक्त थांबवायच्या पट्ट्याचा धडा आला तो चांगलाच आहे, प्रत्येक पोलिसाच्या कमरेला टूर्निके हवाच, याबद्दल माझं दुमत नाही. पण सैनिकाच्या छातीवर जॅकेट असतं म्हणून त्याला गोळी हातापायाला लागते, सिनेमा बघायला आलेल्या माणसाच्या अंगावर टी-शर्ट असतो. त्याच्या छातीत हवा कोंडली किंवा आत रक्त साठलं तर टूर्निके काही करत नाही, त्याला सर्जन लागतो, तोही लवकर. म्हणून मला अरोरातली ती मागची सीट फार महत्त्वाची वाटते, तिथे उपचार नव्हते पण उपचाराच्या दिशेने गाडी चालत होती.

तरी या पद्धतीची खरी किंमत दुसरीकडे मोजावी लागते आणि ती हॉस्पिटलने मोजली. युनिव्हर्सिटी ऑफ कोलोराडो हॉस्पिटल जवळ होतं, पोलिसांना रस्ता पाठ होता, तिकडेच गाड्या गेल्या. तिथे एका रात्रीत 23 जखमी आले, बहुतेक पोलीस गाड्यांतून. अँब्युलन्स येते तेव्हा आधी रेडिओवर कळतं की अमुक वयाचा, अमुक जखम, इतक्या मिनिटांत पोचतोय. पोलीस गाडी येते तेव्हा काहीच कळत नाही, दार उघडलं की कोण आहे ते दिसतं. डॉक्टर आणि नर्स बाहेर पोर्चमध्ये येऊन गाड्यांतून लोकांना हातांनी ओढून काढत होते आणि तिथल्या तिथे ठरवत होते कुणाला आधी आत न्यायचं. त्या 23 पैकी 22 वाचले. ही कामगिरी अचाट आहे, पण त्यावर योजना बांधता येत नाही, कारण एखाद्या छोट्या हॉस्पिटलमध्ये असेच 23 जण न सांगता आले असते तर त्यातले किती वाचले असते कोण जाणे. आसपास गंभीर जखमींवर उपचार करणारी इतर हॉस्पिटलं, म्हणजे ट्रॉमा सेंटर, होतीच, जखमी वाटून पाठवता आले असते, पण वाटणी करायला कुणीतरी संपूर्ण चित्र बघणारा लागतो आणि तो माणूस, म्हणजे ती एकत्रित कमांड, नव्हती.

पुढे काय बदललं. अरोरानंतर पाच महिन्यांनी सँडी हुक शाळेतल्या गोळीबाराची घटना झाली आणि 2013 मध्ये अमेरिकन सर्जन, पोलीस, अग्निशमन असे सगळे हार्टफर्ड शहरात एकत्र बसले, तिथून जो मसुदा निघाला त्यात शूटर थांबवणं, रक्त थांबवणं, जखमी पटकन बाहेर काढणं, तपासणं आणि नेणं हे सगळं एकाच साखळीत बांधलं. याच विचारातला सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे रेस्क्यू टास्क फोर्स, ज्याची सुरुवात व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन काउंटीच्या अग्निशमन दलाने अरोराच्याही आधी केली होती. कल्पना अशी की जागा तीन भागांत मोजायची. शूटर जिथे प्रत्यक्ष आहे तो हॉट झोन, तिथे फक्त पोलीस. पोलीस जिथून पुढे गेलेत, धोका कमी आहे पण शून्य नाही, तो वॉर्म झोन. आणि बाहेरचा कोल्ड झोन. जुन्या नियमात मेडिक फक्त कोल्डमध्ये. नव्या पद्धतीत दोन मेडिक, अंगात बुलेटप्रूफ जॅकेट, पुढे-मागे दोन-तीन पोलीस, आणि ते वॉर्म झोनमध्ये शिरतात. तिथे ते सलाइन लावत बसत नाहीत, सीपीआर करत नाहीत. टूर्निके, खोल जखमेत पट्टी ठासणं, छातीच्या भोकावर सील, श्वास मोकळा करणं, आणि पुढच्या माणसाकडे. उचलणारी दुसरी तुकडी मागून येते. 2018 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेने याचं रीतसर मानकच काढलं, एनएफपीए 3000.

ऐकायला सोपं आहे, पण एक गोष्ट जागेवर दरवेळी अडते आणि ती म्हणजे हा भाग वॉर्म झाला असं म्हणायचा अधिकार कुणाचा. पोलीस म्हणतात अजून खोल्या तपासायच्यात, मेडिक म्हणतात आम्ही तयार आहोत, आणि मध्ये दहा मिनिटं जातात. अरोरात शूटर सात मिनिटांत पकडलेला होता, पण दुसरा असेल या भीतीने आणि कुणी स्पष्ट न सांगितल्याने पूर्ण इमारत लांब थांबलेल्यांच्या डोक्यात हॉटच राहिली. माझ्या मते हा शब्द उच्चारायची जबाबदारी आत असलेल्या पहिल्या पोलीस सुपरवायझरवर नावानिशी टाकलेली हवी, आणि त्याने पूर्ण इमारतीबद्दल बोलायची गरज नाही, मागचं दार आणि तिथपर्यंतची वाट एवढं मोकळं आहे असं सांगितलं तरी अँब्युलन्स हलू शकते.

आणि पोलीस गाडीतून नेण्याचा निर्णय तर योजनेत लिहूनच ठेवला पाहिजे, सार्जंटच्या हिमतीवर सोडायचा नाही. कोणत्या जखमेला थांबायचं नाही, हॉस्पिटल कुठली कुठली, पहिल्या चार-पाच गाड्या एकीकडे गेल्या की पुढच्या कुठे वळवायच्या, निघताना डिस्पॅचला एका वाक्यात काय सांगायचं, किती जण आणि कुठे लागलंय इतकंच. डिस्पॅचने ते हॉस्पिटलला पुढे द्यायचं. याला पैसा फारसा लागत नाही. गाडी लावताना एक लेन मोकळी सोडायची ही सवय मात्र घोटवून घ्यावी लागते, कारण गोळीबाराच्या कॉलवर धावत सुटलेला पोलीस गाडी दारातच सोडणार, त्याला त्या क्षणी मागून येणारी अँब्युलन्स आठवणार नाही. म्हणून पोलीस आणि मेडिकचा एकत्र सराव घेताना तो रिकाम्या पार्किंगमध्ये घेण्यात अर्थ नाही, आधी गाड्या आडव्यातिडव्या लावा, दोन-अडीचशे माणसं उलट्या दिशेने पळवा, दोन्ही रेडिओ वेगळेच ठेवा, आणि मग मागच्या दारातून स्ट्रेचर रस्त्यापर्यंत किती वेळात येतं ते घड्याळ लावून बघा.